आठवा कुत्रा आणि रक्ताची पळवाट

सेंट पीटर्सबर्ग शहरात १८७७ साली निकोलाय व्लादिमिरोविच एक या तरुण शल्यवैद्याने आठ कुत्र्यांची पोटे उघडली. ('एक' हे त्यांचे आडनाव आहे. मराठी वाचक ते वाचताना हटकून अडखळणार, म्हणून आधीच सांगून टाकतो.) आठही कुत्री धडधाकट होती. आतड्यांकडून यकृताकडे जाणारी जाड शीर त्यांनी शरीराच्या मुख्य नीलेला जोडून दिली आणि यकृताकडचे तिचे तोंड बांधून टाकले. म्हणजे यकृतात न शिरता रक्त थेट हृदयाकडे जाईल अशी वाट करून दिली. एक कुत्रा लगोलग मेला, सहा कुत्री आठवडाभरात गेली. आठवा मात्र अडीच महिने जगला आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेला.

या आठव्या कुत्र्याने मला कितीतरी दिवस सोडले नाही. त्याचे पुढे काय झाले याची नोंद कुठेच नाही, असणार तरी कशी? पण तो पळाला म्हणून त्याचे शवविच्छेदन झाले नाही, आणि आपण केलेली जोडणी नीट टिकली की बुजली हे एक यांना डोळ्यांनी पाहता आले नाही. तरीही त्यांनी निष्कर्ष काढला, की पोर्टल शिरेचे रक्त यकृताला टाळून वळवले तरी जिवाला धोका नाही आणि माणसावर ही शस्त्रक्रिया करायला हरकत नसावी. त्यांच्या डोळ्यांपुढे जलोदराचे रोगी होते. यकृत दगडासारखे कठीण झाले की रक्त मागे तुंबते आणि पोटात पाणी साठते; तुंबलेल्याला वाट करून द्यावी, इतका सरळ हिशेब होता. पुढे एक यांनी हा विषय सोडून दिला. नाव मात्र राहिले. अशा जोडणीला आजही वैद्यकात 'एकचा फिस्टुला' म्हणतात.

आता या शिरेविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शरीरातल्या बहुतेक नीला वापरलेले रक्त गोळा करून सरळ हृदयाकडे नेतात. पोटातून येणारी पोर्टल शीर तसे करत नाही. आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांचे रक्त घेऊन ती आधी यकृतात जाते, तिथे बारीक बारीक फाट्यांत फुटते, आणि ते रक्त पेशीपेशींजवळून झिरपून झाल्यावरच पुढे सरकते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येते.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला हे समजवायला आकृती लागत नाही. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभे राहिले की एका बाजूला नागझिऱ्याचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. तलावाचे पाणी पाटाने निघते, पाटाचे फाटे होतात, फाट्यातून ते एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते आणि उरलेसुरले नाल्याला मिळते. पाटाला वरच भगदाड पडून पाणी परस्पर नाल्याला लागले, तर तलाव भरलेला असूनही बांध्या कोरड्या राहतात आणि पाटातला सगळा गाळगदळ न निवळता खाली जातो. कुत्र्याच्या पिलात जन्मतःच असे भगदाड असते तेव्हा त्याला लिव्हर शंट म्हणतात. मी त्याला पळवाट म्हणतो. बांध्या म्हणजे यकृत. ते वाळत, आक्रसत जाते. गाळ म्हणजे मुख्यतः अमोनिया, आतड्यात प्रथिने कुजताना तयार होणारा. तो मेंदूपर्यंत पोचतो.

मेंदूपर्यंत पोचल्यावर काय होते, ते १८९३ मध्ये उजेडात आले. तेच शहर, पण आता तिथे प्रायोगिक वैद्यकाची नवी संस्था उभी राहिली होती आणि तिथे इव्हान पाव्हलोव्ह काम करीत होते. घंटा आणि लाळ यांच्यामुळे आपण ज्यांना ओळखतो तेच हे पाव्हलोव्ह. त्यांचे हात शल्यवैद्याचे होते, आणि १९०४ सालचे नोबेल त्यांना पचनक्रियेवरील कामासाठी मिळाले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. हान, मासेन आणि रसायनज्ञ नेन्की यांच्यासह त्यांनी एकची शस्त्रक्रिया सुमारे साठ कुत्र्यांवर केली. त्यांतली तिसरा हिस्सा कुत्री जगली. जगलेल्यांचा स्वभाव पालटला. गरीब म्हणून माहीत असलेली कुत्री हट्टी, चिडखोर, अंगावर येणारी झाली. मांस खाऊ घातले की काही वेळाने त्यांचा तोल जाई, डोळ्यांना दिसेनासे होई, झटके येत, शुद्ध हरपे. यातून वाचलेली काही कुत्री पुढे मांसाला तोंड लावीनात. या प्रकाराला मांसविषबाधा असे नाव पडले. पुढच्या काही वर्षांत नेन्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातला अमोनिया मोजायला घेतला आणि संशयाची सुई त्याच्याकडे वळली.

कुत्र्याला मांस बाधते, ही गोष्ट ऐकायलाच विचित्र आहे. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांतही दिसून आले, की अशी कुत्री दूध आणि धान्यावर ठेवली तर बराच काळ तग धरतात. म्हणूनच एक यांचा आठवा कुत्रा पळाल्यावर पीटर्सबर्गच्या गल्ल्यांत त्याला काय खायला मिळाले असेल, पाव की खाटकाच्या दुकानामागचे तुकडे, हा प्रश्न मला निव्वळ हळवेपणाचा वाटत नाही. त्याचे आयुष्य त्यावरच अवलंबून होते. आणि इथे मराठी भाषेची एक गंमत आठवते. आपण काळीज म्हणतो ते छातीवर हात ठेवून. खाटीक काळीज देतो तेव्हा त्याचा सुरा यकृतावर चालतो. शरीर उघडून बघण्याचा सराव वैद्यांपेक्षा खाटकालाच जास्त, त्यामुळे या बाबतीत त्याचा शब्द अधिक अचूक आहे.

निसर्गाने केलेली अशी पळवाट माणसात त्याआधी शंभर वर्षे दिसली होती. लंडनच्या जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्ये दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात पोर्टल शीर यकृतात न जाता मुख्य नीलेला मिळालेली पाहिली आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. कुत्र्यात मात्र शिरांची जन्मजात विकृती म्हणून हे वर्णन यायला १९४९ साल उजाडले. ते लिहिणाऱ्या हिकमन, एडवर्ड्स आणि मान या तिघांपैकी फ्रँक मान हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे. यकृत पूर्ण काढून टाकल्यावर कुत्रा किती तास जगतो आणि का मरतो, हे ज्यांनी १९२०च्या दशकात शोधले तेच. म्हणजे बघा, हजारो वर्षे कुत्रा माणसाच्या दारात आहे, सत्तर वर्षे प्रयोगशाळेत त्याच्या पोटात माणूस हाताने पळवाटा करतो आहे, आणि जन्मतः तीच पळवाट घेऊन आलेला कुत्रा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रयोगाचा कुत्रा वेगळा आणि रोगी कुत्रा वेगळा, अशी ती विभागणी होती. पहिला विज्ञानाचा विषय, दुसरा फार तर मालकाची अडचण.

मधल्या काळात माणसांवर एक यांचे स्वप्न खरे झाले आणि त्याचे मोलही कळले. १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत कठीण झालेल्या रोग्यांवर अशा जोडण्या करायला सुरुवात केली. रक्ताच्या उलट्या थांबल्या; पण काही रोगी पुढे गोंधळू लागले, हात थरथरू लागले, दिवसा झोपू लागले. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये या अवस्थेची नीट मांडणी केली. पाव्हलोव्हांच्या कुत्र्यांत दिसले होते तेच माणसांत दिसत होते. १९६६ मध्ये अशा रोग्यांना लॅक्टुलोज देऊन पाहिले गेले. आपल्याकडे बद्धकोष्ठासाठी मेडिकलच्या दुकानात मिळते तेच हे गोड, चिकट औषध. ते आतड्यात आंबते, आंबटपणामुळे अमोनिया आतड्यातच अडकून राहतो आणि शौचावाटे बाहेर पडतो.

पशुवैद्यकांनी हे सगळे वाचून कुत्र्याकडे परत यायला १९७० चे दशक लागले. १९७४ मध्ये ईविंग, सुटर आणि बेली यांनी पोर्टल शिरेच्या जन्मजात विकृतीमुळे यकृत निकामी होणाऱ्या कुत्र्यांवर लिहिले आणि मग जिकडेतिकडे असे रोगी दिसू लागले. लक्षणे वर्षानुवर्षे समोर होतीच. पिलू भावंडांत सर्वांत लहान राहते. जेवल्यानंतर भिंतीला डोके टेकून उभे राहते, एकाच दिशेने गोल फिरते, शून्यात बघते. भूल दिली तर तासन्‌तास उठत नाही, कारण भुलीचे औषध निचरणारे यकृतच चुकवले गेलेले. लघवीत खडे होतात. त्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तपकिरी, काटेरी गोळे दिसतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांची तुलना ज्या फळाशी केलेली असते ते आपल्या उकिरड्यावर उगवणारे धोतऱ्याचे फळ. मी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा शब्दकोश उघडावा लागला नाही.

पळवाट बंद करण्याची शस्त्रक्रिया कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठातील ब्रेझनॉक यांनी १९७९ मध्ये सविस्तर मांडली. वरवर पाहता काम सोपे आहे: नको असलेली शीर शोधा आणि रेशमी धाग्याने बांधा. पण पुन्हा तलावाकडे या. वर्षानुवर्षे पाणी भगदाडातून जाते आहे, बांध्यांकडचे फाटे गाळाने बुजलेले आहेत. तुम्ही एका रात्रीत भगदाड लिंपले तर पाणी जाईल कुठे? मागे दाब येईल आणि पाळच फुटेल. कुत्र्यात नेमके तेच होते. शीर एकदम पूर्ण बांधली की आतडी काळीनिळी पडतात, रक्ताचे जुलाब होतात आणि कुत्रा टेबलावर वाचलेला असूनही रात्रीतून जातो. म्हणून शल्यवैद्य गाठ आवळताना पोर्टल शिरेतला दाब मोजत असत, आतड्याचा रंग बघत असत, आणि पुष्कळदा अर्धीच गाठ मारून पोट शिवत असत.

हळूहळू बंद होणारी गाठ हवी होती. ती जिथून आली तो भाग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. १९५७ मध्ये हृदयविकाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना निरोगी कुत्र्याच्या हृदयाची धमनी सावकाश, काही आठवड्यांत बंद करायची होती. त्यांनी ॲमेरॉइड नावाचे कडे वापरले. बाहेरून धातू, आत दाबून घट्ट केलेले केसिन, म्हणजे दुधातले प्रथिन. शरीरातला ओलावा शोषून केसिन फुगते, धातूमुळे बाहेर फुगू शकत नाही, म्हणून आतले भोक लहान होत जाते. हे कडे हजारो मैल दूरच्या कोणत्या तरी माणसाचे हृदय वाचावे म्हणून निरोगी कुत्र्याचे हृदय आजारी पाडायला वापरले गेले. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, व्होग्ट आणि सहकाऱ्यांनी तेच कडे आजारी कुत्र्यांच्या पळवाटेवर चढवून ती सावकाश बंद केल्याचे प्रसिद्ध केले. कडे तेच, फुगणेही तेच.

सेलोफेनची कथाही अशीच. मिठाईच्या पुड्यावरचा तो चकचकीत कागद शिरेभोवती गुंडाळला की शरीर त्याला परके समजून भोवती कठीण ऊती वाढवते आणि शीर आवळली जाते. १९४० मध्ये पिअर्स यांनी मोठ्या धमन्या अशा सावकाश बंद होतात का, याचे प्रयोग केले. १९४८ मध्ये खुद्द आइनस्टाइन यांच्या पोटातल्या फुगलेल्या महाधमनीला रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळले आणि ते त्यानंतर सात वर्षे जगले. कुत्र्यांच्या पळवाटेसाठी सेलोफेनच्या पट्टीची पद्धत १९९८ मध्ये युमन्स आणि हंट यांनी मांडली. ही पट्टी ॲमेरॉइडच्या कड्यापेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे गरीब देशांसाठी तीच खरी उपयोगाची, असे माझे मत आहे. पळवाट यकृताच्या आतच असेल, जशी ती मोठ्या जातींत बहुधा असते, तर काम फार अवघड होते. तिथे हल्ली मानेच्या शिरेतून नळी घालून आत धातूच्या गुंडाळ्या सोडतात. लहान जातींत ती बहुधा यकृताच्या बाहेर असते आणि हाती लागते.

औषधावर ठेवावे की शस्त्रक्रिया करावी, याचे उत्तर बरीच वर्षे शल्यवैद्यांच्या अनुभवावर चालले. ब्रिटनमधल्या १२६ कुत्र्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की शस्त्रक्रिया झालेली कुत्री जास्त जगली, आणि उपचाराच्या वेळचे वय त्यात निर्णायक ठरले नाही. म्हणजे पिलू मोठे झाले म्हणून आता उशीर झाला, असे म्हणायचे कारण नाही.

आता आपल्याकडे वळू. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण तो शिकारीचा विनोद. वैद्यकाचे मोठे ग्रंथ झाले ते हत्ती-घोड्यांवर, कारण राज्य त्यांच्या पाठीवर चाले. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ मध्ये निघाली, परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे एक यांच्या प्रयोगानंतर नऊ आणि पाव्हलोव्हांच्या निबंधाआधी सात वर्षे. परळला तेव्हा मुख्य काळजी बैल आणि घोड्यांची होती, आणि ते योग्यच होते. विदर्भाला आपले महाविद्यालय १९५८ मध्ये नागपुरात मिळाले. २००० साली तिथेच पशुविज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ आले. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले. कुत्र्याच्या पोटातल्या शिरांचे त्रिमितीय चित्र काढणारी यंत्रे महाराष्ट्रात आली, ती अशी हळूहळू.

पण चोरखमाऱ्याच्या चहाटपरीसमोर वाढणाऱ्या पिलाला याचा काय उपयोग? बंगालमध्ये मनाबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांची ३६४ पिले पाहिली. त्यांतली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि बहुतेक मरणांना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता. हा अभ्यास २०१६ चा. अशा कत्तलीत जन्मजात पळवाटेचे पिलू वेगळे कोण ओळखणार? त्यातून जे जगते ते भात आणि पेज खाऊन. माझा कयास असा, की आमच्या धानाच्या मुलखातला हा आहारच अशा एखाद्या पिलाला काही महिने सांभाळून नेत असेल, आणि लग्नाच्या पंगतीमागे मटणाची हाडे मिळालेल्या रात्री त्याचा तोल जात असेल. मग ते गोल फिरते, लाळ गाळते, माणसे ओळखत नाही, कधी अंगावर येते. गावाला यासाठी एकच शब्द ठाऊक आहे: पिसाळला. त्या शब्दानंतर काठ्याच निघतात. गावाला मी दोष देणार नाही. रेबीजने माणसे मरतात आणि लाळ गाळणाऱ्या अनोळखी कुत्र्याजवळ निदान करायला जाणे हा वेडेपणा आहे. तो चावलाच, तर यकृताचा विचार बाजूला ठेवून जखम साबणाने भरपूर धुवावी आणि लस घ्यावी. पण पाव्हलोव्हांच्या नोंदींतली चिडखोर, तोल गेलेली कुत्री वाचताना मला आमच्या गल्लीतल्या काठ्या आठवल्या, हे खरे.

नवी गोष्ट अशी की आता तालुक्याच्या गावांतही शित्झू, लॅब्राडॉर, पग आले आहेत. काही जातींत ही पळवाट अधिक आढळते आणि आयरिश वुल्फहाउंड, केर्न टेरियर यांसारख्या जातींत ती आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले आहे. शित्झूचे नावही धोक्याच्या यादीत असते. पैदास करणारे लहान चणीचे पिलू 'टॉय' म्हणून चढ्या भावाने विकतात. पिलू लहान का राहिले, हे विचारायची पद्धत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिरोड्याच्या एका शिक्षकांकडे असेच सात महिन्यांचे शित्झू पाहिले. उकडलेली कलेजी खाल्ली की तासाभराने ते कपाटाच्या कोपऱ्यात डोके खुपसून उभे राही. शेजाऱ्यांनी पिसाळल्याची शंका बोलून दाखवली होती, आणि शिक्षकांच्या आईने त्याला अंगणात बांधून ठेवायला सांगितले होते. त्याला रेबीजची लस दिलेली होती आणि महिनोन्‌महिने तोच प्रकार चालू होता; रेबीजचा कुत्रा इतके दिवस काढत नाही, दहा दिवसांच्या आत मरतो. एवढे मला ठाऊक होते, तेवढे मी सांगितले, आणि जेवणाआधी व जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली पित्ताम्ले मोजून घ्या असे चिठ्ठीवर लिहून दिले. डॉक्टरांना माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाची चिठ्ठी दाखवायला ते संकोचत होते. शेवटी दाखवली. जेवणानंतरचा आकडा जेवणाआधीच्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. सोनोग्राफीत यकृत लहान दिसले आणि एक वेडीवाकडी जादा शीरही.

शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. शिक्षकांची मुलगी बारावीला आहे. सध्या पिलाला दिवसातून तीनदा लॅक्टुलोज देतात, कलेजी बंद, मटण बंद. भात, पनीर, थोडे अंडे असा आहार आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. कोपऱ्यात उभे राहणे थांबले आहे. वजन दीड महिन्यात चारशे ग्रॅमने वाढले. धान विकले की नागपूरला जाऊन शिरांचे चित्र काढून घ्यायचे आणि मग ठरवायचे, असे आजीने ठरवले आहे. तिनेच अंगणातली साखळी काढून ठेवली.